फेरो रॉड: ठिणगी पडते, पण बसते कुठे?

पहिल्या दिवशी मी ती कांडी चांगली वीस मिनिटं घासली. बोटभर लांब, पेन्सिलीहून जराशी जाड, काळीकुट्ट, एका टोकाला प्लास्टिकची मूठ आणि दोरीने बांधलेली एक लोखंडी पट्टी. ऑनलाइन अडीचशे रुपयांत मिळाली होती. आजोळी, गुहागरजवळ, मागच्या पडवीत बसले होते. समोर वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर चार काटक्या. सुरुवातीला ठिणगीच पडेना, नुसती काळी भुकटी. मग एकदम पडायला लागल्या, आणि अशा पडल्या की दिवाळीच आली. मला वाटलं, झालं काम. पाहिलं तर कागदावर काळे ठिपके आणि दोन बारीक भोकं. बस्स.

आजी मागच्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अगो, ठिणग्या पाडत्येस खऱ्या, पण त्या बसणार कुठे?"

मग तिने पडवीच्या कोपऱ्यातलं नारळाचं सुकं सोडण, म्हणजे वरची जाड साल, ओढलं, त्यातली मूठभर किशी, म्हणजे केसाळ धागे, उपटली, दोन्ही तळव्यांत खसाखसा चोळली, आणि मधे अंगठ्याने खळगा करून माझ्यापुढे ठेवली. तिसऱ्या घासणीला धुराची एक बारीक रेघ उठली. आजीने वाकून हलकी फुंकर घातली आणि किशीने पेट घेतला. फेरो रॉड तिने त्याआधी जन्मात पाहिला नव्हता.

हा लेख त्या कांडीबद्दल आहे. ट्रेकच्या दुकानात तिला फायर स्टार्टर, फेरो रॉड, मॅग्नेशियम रॉड, फ्लिंट (म्हणजे चकमकीचा दगड) अशी चार-पाच नावं आहेत आणि त्यातली निम्मी चुकीची आहेत.

चकमक नव्हे, चकमकीच्या उलट

आपल्याकडे चकमक जुनी. गारगोटीचा धारदार तुकडा, पोलादाची वळवलेली पट्टी आणि कापूस, एवढा संसार बटव्यात घालून गुराखी-धनगर रानात फिरत. दगडावर पोलाद झडलं की ठिणगी. सैन्याच्या दोन तुकड्यांची थोडक्यात झटापट झाली की 'चकमक झडली' असं आपण अजून म्हणतो, ते तिथूनच. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, आणि त्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांमध्ये गारगोटीचे खडे भरलेले असतात, त्यामुळे दगडाची वानवा कधी नव्हती.

आता यातली गंमत बघा. चकमकीत जळतं कोण? बहुतेकांना वाटतं दगड. दगड जळत नाही. गारगोटी पोलादापेक्षा कठीण असते, त्यामुळे ती पोलादाचे अतिसूक्ष्म कण खरवडून काढते. खरवडताना ते कण तापतात, ताजं उघडं पडलेलं लोखंड हवेतल्या ऑक्सिजनला भेटतं आणि कण लाल होऊन जळतो. म्हणजे ठिणगी लोखंडाची असते.

फेरो रॉडमध्ये भूमिका बदलतात. इथे जळते ती कांडी. पट्टीचं काम फक्त कांडी खरवडायचं. म्हणून पट्टी पोलादाचीच हवी असं काही नाही. तुटलेल्या काचेची धार चालते, हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा चालतो, चाकूच्या पात्याची मागची बाजू काटकोनात घासलेली असेल तर ती फार छान चालते, आणि नदीतली गारगोटी फोडून तिची ताजी कड वापरली तर तीही चालते. पट्टी हरवली म्हणून रडत बसायचं कारण नाही. मात्र चाकूची मागची बाजू गोल गुळगुळीत असेल तर कितीही घासा, कांडीवर नुसती चकाकी येते.

कांडीचा धातू म्हणजे फेरोसेरियम. नाव वाचून लोखंड मुख्य असेल असं वाटतं, पण त्यात जास्त वाटा सेरियम, लँथनम, निओडिमियम वगैरे धातूंच्या खिचडीचा. या खिचडीला मिशमेटल म्हणतात. लोखंड साधारण पाचवा हिस्सा, आणि थोडं मॅग्नेशियम. लोखंड कशाला? तर नुसतं मिशमेटल मऊ असतं. घासलं तर ते लोण्यासारखं पसरेल, कण सुटणार नाहीत. लोखंडामुळे मिश्रण कडक आणि ठिसूळ होतं. सेरियमचा गुण असा की त्याचा बारीक कण जेमतेम दीडशे-पावणेदोनशे अंशांवरच हवेत पेट घेतो. म्हणजे कागद पेटायला लागते त्याहून कमी उष्णतेत. घासण्याच्या घर्षणातून एवढी उष्णता सहज मिळते. एकदा पेटला की मात्र तोच कण तीन हजार अंशांच्या घरात जातो. चकमकीची ठिणगी याच्या जवळपासही येत नाही. म्हणूनच चकमकीला आधीच करपवून ठेवलेलं सुती कापड किंवा कापूस लागायचा, आणि फेरो रॉड मात्र साध्या सुक्या धाग्यालाही पेटवतो.

'मॅग्नेशियम रॉड' हे नाव घोळ घालतं. नुसतं मॅग्नेशियम घासून ठिणग्या पडत नाहीत. बाजारात एक चपटा चंदेरी ठोकळाही मिळतो, वजनाला हलका, आणि त्याच्या एका कडेला फेरो रॉडची बारीक काडी चिकटवलेली असते. त्यातल्या ठोकळ्याचा कीस पाडायचा आणि कडेच्या काडीने त्यावर ठिणगी टाकायची, असा तो प्रकार आहे. मॅग्नेशियमचा कीस पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा जळतो, पण पुरेसा कीस पाडायला दहा मिनिटं जातात आणि वाऱ्याची एक झुळूक आली की सगळी मेहनत रानभर होते. मला तो ठोकळा कधी आवडला नाही.

स्वयंपाकघरातला टिकटिक लायटर या भावकीतला नव्हे. त्यात एक छोटी हातोडी एका विशिष्ट स्फटिकावर आपटते, दाबामुळे विजेचा उच्च दाब तयार होतो आणि दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी उडते. तिच्यात जळता कण नसतो. ती गॅस पेटवेल, पण गवताला तिचं काही पडलेलं नसतं. सिगारेटच्या चाकाच्या लायटरमध्ये मात्र फेरो रॉडचा सख्खा भाऊ बसलेला असतो. चाकाखालचा तो बारीक खडा फेरोसेरियमचाच.

गॅसबत्तीच्या कचऱ्यातून

हा धातू केला कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनज्ञाने. १९०३ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. हा मोठा अवली माणूस. १८८५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने डिडिमियम नावाच्या तथाकथित मूलद्रव्यातून प्रेझिओडिमियम आणि निओडिमियम ही दोन मूलद्रव्यं वेगळी काढून दाखवली. पण जगाला तो माहीत झाला तो गॅसबत्तीच्या मेंटलमुळे. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायच्या त्या गॅसबत्त्या आठवा. त्यातली ती पांढरी जाळीची पिशवी, जी एकदा जळून राखेची झाली की स्पर्शानेही तुटायची, ती याची कल्पना. तिच्यात थोरियम भरपूर आणि सेरियम अगदी चिमूटभर, साधारण नव्व्याण्णवास एक या प्रमाणात.

थोरियम मिळायचं मोनाझाइट नावाच्या वाळूतून. पण त्या वाळूत थोरियमपेक्षा सेरियम आणि त्याचे भाऊबंद कितीतरी जास्त. मेंटलला लागायचं चिमूटभर, उरायचे ढीग. त्या ढिगांचं काय करायचं, या प्रश्नातून वेल्सबाख फेरोसेरियमपाशी पोचला. सेरियमला लोखंडाची जोड दिली आणि ठिणग्या पाडणारा धातू हाती आला. त्याच्या मूळ मिश्रणात सुमारे सत्तर टक्के सेरियम आणि तीस टक्के लोखंड होतं.

यात आपल्या किनाऱ्याचाही हात आहे, तोही कसा, तर काथ्यामुळे. दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानातून जर्मनीला नारळाचा काथ्या जायचा. १९०९ साली शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्या काथ्याला चिकटून आलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. मग तो माग काढत त्रावणकोरमधल्याच मणवाळकुरिचीच्या किनाऱ्यावर आला आणि तिथली वाळू जगभरच्या मेंटल कारखान्यांना जायला लागली. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, ही वाळू देशातच हाताळायला इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी निघाली. तिचं मुख्यालय मुंबईत. आजीने किशीवर ठिणगी बसवली तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. नंतर वाचलं आणि हसू आलं. काथ्या आणि सेरियम यांची ओळख शंभर वर्षांची निघाली.

तीन हजार अंश, तरी कागद का पेटत नाही?

आता माझ्या वर्तमानपत्राकडे येऊ. ठिणगी तीन हजार अंशांची, कागद पेटतो सव्वादोनशेच्या आसपास. मग पेटला का नाही?

कारण तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी. फुलबाजीच्या ठिणग्या हातावर पडतात, टोचल्यासारखं होतं, पण हात भाजत नाही. कण प्रचंड तापलेला असतो, पण असतो केवढासा. त्याच्यापाशी द्यायला उष्णता थोडीच असते. उकळत्या पाण्याचं पातेलं शंभर अंशांचंच, पण ते पायावर सांडलं तर महिनाभर अंथरूण.

फेरो रॉडची ठिणगी फुलबाजीच्या ठिणगीपेक्षा बरीच मोठी असते आणि जमिनीवर पडल्यावरही क्षणभर जळत राहते. तंबूच्या नायलॉनला ती आरामात भोक पाडते, हे माझ्या तंबूचं दार सांगेल. पण तरीही तिची शिदोरी थोडी. ती शिदोरी कागदाच्या सपाट पृष्ठावर पडली की आजूबाजूला पसरून संपते. तीच एका केसाएवढ्या धाग्यावर पडली तर त्या धाग्याला तापायला तेवढीच पुरते. पापड आणि भाकरी एकाच विस्तवावर धरा. पापड डोळ्यांदेखत फुलतो, भाकरीला वेळ लागतो. विस्तव तोच, अंगाची जाडी वेगळी.

दुसरा शत्रू ओल. धाग्यात पाणी असेल तर ठिणगीची सगळी शिदोरी पाणी तापवून उडवण्यातच खर्च होते. पाण्याची वाफ करायला उष्णता फार लागते. कोकणात जुलैमध्ये भिजलेली नसलेली, घरात ठेवलेली किशीसुद्धा हवेतली ओल पिऊन मऊ पडलेली असते. हाताला ती कोरडी लागते, ठिणगीला नाही.

घरटं

ठिणगी झेलणाऱ्या या वस्तूला ट्रेकवाले टिंडर म्हणतात. मी घरटंच म्हणते, कारण त्याचा आकारही तसाच असावा लागतो. बाहेर जरा जाडसर धागे, आत अगदी बारीक, मधे खळगा. खळग्यात पडलेली ठिणगी चहूबाजूंनी धाग्यांना भिडते, आणि एका धाग्याची ऊब शेजारच्याला मिळते. घट्ट बोळा केला तर आत हवा जात नाही, फार विरळ ठेवलं तर ऊब उडून जाते. याचा अंदाज सांगून येत नाही. तो हाताला येतो.

परदेशी व्हिडिओंत बर्चची साल आणि पाइनचं राळेने माखलेलं लाकूड दाखवतात. सह्याद्रीत बर्च कुठून आणायचा? आपल्याकडे काय आहे ते बघावं. नारळाची किशी आहेच. सुतळीचा तुकडा उलगडून, त्याचे पीळ सोडून पिंजला की झकास काम होतं, आणि सुतळी प्रत्येक किराणा दुकानात मिळते. काटेसावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतात. तो कापूस ठिणगीला तत्काळ पेट घेतो, पण भपकन जळून जातो, त्याच्या भरवशावर काटकी पेटत नाही. तो किशीच्या खळग्यात चिमूटभर घालावा. सावरीने ठिणगी झेलायची, किशीने ती सांभाळायची. सुकं गवत चालतं, पण ते पातळ, जुनं आणि खरंच सुकं हवं. दवात भिजलेलं पहाटेचं गवत कामाचं नाही. बांबूच्या वाळक्या कांबीवर चाकूची धार उभी धरून खरवडलं की लोकरीसारखा कीस निघतो, तो तर माझा लाडका.

आणि कापूर. आरतीचा साधा कापूर आपल्या हाताशी असताना लोक महागडे फायर क्यूब मागवतात, याचं मला नवल वाटतं. दोन वड्या बोटांनी कुस्करून कापसात मिसळायच्या आणि त्यावर ठिणगी टाकायची. ओलसर हवेतही पेटतो. दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, कापूर उघडा ठेवला की उडून जातो, म्हणून घट्ट झाकणाची डबी हवी. दोन, तो काजळी फार धरतो. तो जळून संपेपर्यंत त्यावर खायचं काही भाजू नये.

पण घरून करून न्यायचं घरटं विचाराल तर व्हॅसलीनचा कापूस. हे समजायला पणती आठवा. नुसती कापसाची वात पेटवली तर क्षणात जळून जाते. तेलात बुडवली की तीच वात रात्रभर पुरते, कारण जळतं तेल, वात फक्त ते वर आणून देते. व्हॅसलीन हे इथलं तेल. औषधाच्या दुकानातला साधा कापूस घ्यायचा, बोराएवढा गोळा करायचा, बोटाने त्याला व्हॅसलीन चोळायचं. असा गोळा तीन-चार मिनिटं सहज जळतो, आणि तेवढ्यात बऱ्यापैकी ओलसर काटकीही वाळून पेट घेते. एक चूक सगळे करतात, मीही केली. गोळा व्हॅसलीनने इतका माखायचा की आतबाहेर सगळं चिकट. अशा गोळ्यावर ठिणगी पडते आणि विझते, कारण तिला झेलायला कोरडा धागाच उरत नाही. पेटवण्याआधी गोळा मधून फाडायचा, आतला कोरडा कापूस पिंजून वर काढायचा, ठिणगी तिथे टाकायची. मी असे आठ-दहा गोळे होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या जुन्या डबीत भरून ठेवते.

विळी आणि नारळ

आता हात कसा चालवायचा. नवी कांडी काळ्या लेपाने झाकलेली असते. तो लेप गंज धरू नये म्हणून असतो आणि त्यातून ठिणगी पडत नाही. माझी पहिली दहा-बारा घासणी त्यातच गेली. आधी एका बाजूचा लेप खरवडून खालचा राखाडी धातू उघडा करून घ्यायचा.

मग साधारण सगळे नवखे करतात ती गोष्ट म्हणजे कांडी स्थिर धरून पट्टी जोराने पुढे ढकलणं. पट्टी सुटते, मूठ घरट्यावर आदळते, आणि पाच मिनिटं खपून रचलेलं घरटं अंगणभर होतं. याच्या उलट करायचं. विळीवर नारळ खवताना विळी हलते का? विळी पायाखाली गच्च, नारळ फिरतो. तसंच इथे. कांडीचं टोक घरट्याच्या मधोमध, खाली दगडावर किंवा लाकडावर टेकवायचं. पट्टी कांडीवर तिरकी धरायची, साधारण पंचेचाळीस अंशांत, तिची तीक्ष्ण कड धातूत रुतेल अशी. पट्टीचा हात गुडघ्याला टेकवून पक्का करायचा. आणि कांडी मागे, स्वतःकडे ओढायची. ठिणग्या सगळ्या खळग्यात पडतात आणि घरटं जागचं हलत नाही.

वेगापेक्षा दाब महत्त्वाचा. भरभर घासलं की बारीक बारीक ठिणग्या दूरवर उडतात. दिसायला सुरेख, कामाला शून्य. दाबून, जरा सावकाश, कांडीच्या पूर्ण लांबीभर एकच ओढ काढली की मोठे कण निघतात, आणि मोठा कण खाली पडल्यावरही जळत राहतो. आवाजावरून कळतं. चर्र असा जाड आवाज आला तर ओढ बरोबर, किर्र असा बारीक आवाज आला तर पट्टी नुसती वरून घसरतेय.

पेटल्यावर काय, याचा विचार घासण्याआधी करायचा. आजीच्या चुलीपाशी बसून मी हे शिकले. तिच्या डाव्या हाताला आगकाडीएवढ्या काड्या, मग बोटाएवढ्या काटक्या, मग मनगटाएवढी ढलपी, शेवटी लाकूड. सगळं हाताच्या अंतरावर. किशीने पेट घेतला की तिची नजर जाळावरून हलत नसे. हात आपोआप योग्य जाडीची काडी उचलायचा. आपण मात्र घरटं पेटल्यावर "अरे, काटक्या कुठायत?" म्हणून उठतो.

फुंकर हाही एक विषय आहे. जोरात फुंकलं की ऊब उडून जाते. खालून, लांबून, हळू आणि सलग. लोखंडी फुंकणी एवढ्यासाठीच असते. वारा लांब नळीतून नेमका निखाऱ्यावर जातो आणि तोंड धुरापासून दूर राहतं.

पाऊस, थंडी आणि वाळू

फेरो रॉडची जाहिरात नेहमी 'पाण्यात भिजला तरी चालतो' अशी असते. खरं आहे. काडेपेटीची घासायची बाजू एकदा भिजली की ती गेलीच. कांडी पाण्यातून काढा, शर्टाला पुसा, घासा, ठिणगी पडते. पण वर म्हटलं तसं, ठिणगी कधीच अडचण नव्हती. पावसात कोरडं घरटं कुठून आणणार? म्हणून डबी. आणि लाकूड शोधायचं तर जमिनीवर पडलेलं नको, ते स्पंजासारखं प्यायलेलं असतं. झाडाला अडकून राहिलेली किंवा उभी वाळलेली फांदी घ्यायची, ती उभी चिरायची. बाहेरून ओली असली तरी आतला गाभा बहुधा कोरडा निघतो, आणि त्याचाच कीस पाडायचा.

हिमालयात या कांडीची खरी किंमत कळते. साध्या लायटरमध्ये दाबाखाली द्रव केलेला ब्युटेन असतो, आणि शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशाच्या आसपास, त्याचा वायू होऊन बाहेर पडणंच थांबतं. रात्रभर तंबूबाहेर राहिलेला लायटर सकाळी नुसता ठिणगी देतो, जाळ देत नाही. मग त्याला काखेत धरून बसायचं. कॅम्प स्टोव्हला जोडलेलं टिकटिक बटणही उंचीवर आणि थंडीत दगा देतं. अशा वेळी कांडी बर्नरजवळ धरायची, गॅस थोडासाच सोडायचा आणि लगेच एक ओढ काढायची. पहिल्या ओढीत पेटतो. नाही पेटला तर गॅस बंद करून थोडं थांबायचं. साचलेल्या गॅसवर दुसरी ठिणगी टाकली तर भुवया जातात. आणि हे सगळं तंबूबाहेर. तंबूत स्टोव्ह जाळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

खरं सांगायचं तर माझ्या कांडीचा नव्वद टक्के उपयोग असा स्टोव्ह पेटवण्यातच होतो. शेकोटीसाठी ती मी फार क्वचित काढते. सह्याद्रीत डिसेंबरनंतर डोंगराचा उतार म्हणजे सोनेरी गवताची गंजी असते. वणवे इथे फेब्रुवारीपासून मेपर्यंत लागतात, आणि त्यातले बहुतेक माणसानेच लावलेले असतात. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, वासोटा ही आपली आवडती ठिकाणं अभयारण्यांतच येतात. पायवाटेवर गवतात बसून 'बघू या जमतं का' म्हणून एक ओढ काढणारे मी पाहिलेत. तीन हजार अंशांचा कण वाऱ्यावर सोडून देणारे हे लोक आपल्याला सर्व्हायव्हलचं शिक्षण देत असतात. मुळात चार तासांच्या गडावर जगण्यासाठी विस्तव लागत नाही, कोरडे कपडे आणि टॉर्चचे जादा सेल लागतात. कांडी अडीअडचणीसाठी, म्हणजे वाट चुकून रात्र काढायची वेळ आली तर. तेव्हाही आधी जमिनीवरचं गवत-पाचोळा हातभर अंतरापर्यंत साफ करायचा, आणि निघताना राखेत बोट घालून थंड लागेपर्यंत पाणी ओतायचं.

विमानाने जाणार असाल तर एक सूचना. काडेपेटी आणि लायटर विमानात चालत नाहीत, आणि कांडीही तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. ज्या गावी उतरणार तिथेच घेतलेली बरी.

जपणूक

विकणारे 'बारा हजार वेळा चालते' असं छापतात. ते तुम्ही किती दाबून घासता यावर आहे. जाड कांडी घ्यावी. सहा मिलिमीटरची जोरात दाबल्यावर मधेच तुटू शकते, आठ किंवा दहाची खिशात मावते आणि वर्षानुवर्षं पुरते. एकाच रेषेत घासून खोबण पाडण्यापेक्षा कांडी फिरवत राहावी.

हिचा खरा शत्रू दमट खारी हवा. माझी दुसरी कांडी मी गुहागरला किनाऱ्यावर तळ टाकला तेव्हा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात विसरले. दोन महिन्यांनी काढली तर उघड्या बाजूवर पांढरट-राखाडी पापुद्रा, आणि नख लावलं की भुकटी. सेरियम आणि मॅग्नेशियम दोघांनाही ऑक्सिजनची ओढ फार, म्हणूनच तर ठिणगी पडते. घासलं तर एका क्षणात जळतात, ओलीत ठेवलं तर महिन्यांत. पापुद्रा खरवडला, आत धातू शाबूत होता, पण कांडी निम्मी झाली. आता प्रत्येक सहलीनंतर कोरड्या फडक्याने पुसते, बोटाने खोबरेल तेलाचा हात फिरवते आणि सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत ठेवते. वापरायच्या आधी तेल पुसून टाकायचं, नाहीतर पट्टी घसरते.

सराव घरीच करावा. गच्चीवर किंवा अंगणात, लोखंडी कढई घ्या, शेजारी पाण्याची बादली ठेवा. पहिल्यांदा व्हॅसलीनचा कापूस, कारण तो लाजवत नाही. मग सुतळी. मग किशी. मग नुसतं गवत, आणि गवताने पेट घेतला की कांडी बादलीत बुडवून, पुसून, पुन्हा पहिल्यापासून. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हेच सगळं गॅलरीत करून बघा. कापूस तोच, सुतळी तीच, कांडीही तीच. मला मे महिन्यात सुतळीला चार ओढी लागल्या होत्या. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच गुंडीच्या सुतळीला एकतीस लागल्या. मग मी तो पिंजलेला पुंजका अर्धा तास शर्टाच्या आत, पोटाशी धरून बसले, आणि पुन्हा घासलं. सहा.